रोशनीच्या पुढ्यातलं पान

पुष्पाने जावेच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला नाही, तेव्हाच गंगीच्या ध्यानात आलं की आज नवं सुखाने खाल्लं जाणार नाही.

चंद्रिका तांब्या पुढे करून उभी आणि पुष्पा आपली चुलीतली लाकडं सारतेय ती सारतेच आहे. शेवटी तानीने, थोरल्या सुनेने, मध्ये हात घालून तांब्या घेतला आणि काही झालंच नाही अशा थाटात रांजणावर ठेवला. पण गंगी म्हातारी झाली तरी तिचे डोळे शाबूत होते. तीन सुनांच्या मनातलं तिला त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळायचं.

हळवा भात कापून, झोडून, कांडून झाला होता. कणसरीला, धान्याच्या देवीला, घास दाखवल्याशिवाय या घरात नव्या तांदळाचा दाणा कुणी जिभेवर ठेवत नसे. त्यासाठीच गंगीची तिन्ही पोरं सावरपाड्यावर जमली होती. अमृत आणि चिमण इथलेच, तलासरीच्या डोंगराकडची शेती करणारे, एकाच अंगणाच्या दोन कडांना राहणारे. धाकटा मुकेश आशागडला बिऱ्हाड करून. तो डहाणूच्या एका संस्थेत पोस्टरं, पत्रकं, मोठाले फलक जुळवायचं काम करी. त्याला तो डिझाइन म्हणे. पाड्यावरच्या लोकांना ते काम म्हणजे नक्की काय हे अजून नीट उमगलेलं नव्हतं. खुर्चीत बसून पगार मिळतो एवढं कळलं होतं आणि तेवढ्यावर सगळे खूश होते.

हाल्याने, गंगीच्या नवऱ्याने, जिवंतपणी एक रीत घालून दिली होती. नव्याच्या पानावर बसल्यावर, घास घ्यायच्या आधी, ज्याच्या मनात जे असेल ते त्याने ओकून टाकायचं. मनात खोट ठेवून नवं खाल्लं तर ते अंगी लागत नाही, असं तो म्हणे. त्या रीतीपायी एका वर्षी अमृत आणि चिमण बांधावरून असे भांडले होते की भात पानावर गार झाला, पण ते भांडण तिथंच मेलं, पुन्हा उठलं नाही. हाल्या गेला. रीत गंगीने धरून ठेवली होती. आणि पुष्पा नेमकी त्या रीतीचीच वाट बघत होती.

पुष्पा तशी भांडखोर नव्हे. चिमणच्या घरात आल्यापासून तिने आवाज चढवला असेल तो कोंबड्यांवर आणि पोरीवर. पण गेल्या आठवड्यात ती पाड्यावरच्या बायकांबरोबर विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला गेली होती. हायवेला जीपमधून उतरली, नारळाची पिशवी सावरली आणि सहज वर बघितलं तर आकाशात तिची रोशनी.

घराएवढा फलक होता. रंग म्हणून कुठेच नाही, सगळं राखेसारखं. काळ्यातून वर आलेला तिच्या पोरीचा चेहरा, लहानपणचा, आणि त्यात हे एवढाले डोळे. कपाळावर उखळावर पडल्याची खोक होती, म्हणजे शंका घ्यायलाही जागा नाही. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पुष्पा चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर लावत तिने वाचलं, 'ती आजही उपाशी झोपेल.'

शेजारी एक बाई उभी होती, हातात प्रसादाची पिशवी. ती वर बघून म्हणाली, बिचारी, कुणाची पोर असेल. आणि पुष्पा गप्प राहिली. माझी आहे म्हणून सांगितलं नाही. खाली मान घालून देवळाची वाट धरली. देवीसमोर उभी राहिली तरी तिला देवी दिसेना, आपणच आपल्या पोरीला नाकारून आलो एवढंच दिसत राहिलं. घरी येऊन तिने चिमणला सांगितलं, तर तो म्हणाला मुकेश असं करणार नाय, दुसरी कुठली पोर असेल. खोकेचं सांगितलं तेव्हा तो बैल बांधायला म्हणून जो गेला तो अंधार पडेपर्यंत आलाच नाही. चिमणचं सगळं असंच. लढाई आली की त्याला बैल आठवतात.

इकडे मुकेश खुशीत होता. मोटरसायकलवरून येताना विवळवेढ्याला त्याने गाडी जरा हळू केली होती, आणि मागे बसलेल्या चंद्रिकेने त्याच्या खांद्यावरून फलकाकडे बघितलं होतं. नवऱ्याचं काम एवढं मोठं, हायवेला, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं असं. तिलाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला.

शिवाय मुकेश रिकाम्या हाताने आलेला नव्हता. येत्या रविवारी डहाणूला संस्थेचा मोठा कार्यक्रम होता, मुंबईचे देणगीदार यायचे होते. त्यांनी फलक बघितला होता आणि त्यांना ती मुलगी स्टेजवर बघायची होती. मुलगी आली तर तिच्या पाड्यावर पाण्याची टाकी द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. हे मुकेशने अमृतला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, आणि अमृतने हो म्हणून टाकलं होतं. पंचायतीत असल्यापासून त्याने त्या टाकीसाठी चपला झिजवल्या होत्या. चैत्र लागला की पाड्यावरच्या बायका डोंगर उतरून ओहळातल्या डबक्यातून पाणी वर आणत. त्या पाण्याने त्याच्या तानीची कंबर कायमची गेली होती. अमृत लोभी माणूस नव्हता. बायको रात्री कूस बदलताना कण्हते ते ऐकून ऐकून त्याचं डोकं फिरलं होतं.

म्हणजे पानं मांडली तेव्हा घर असं विभागलं गेलं होतं. अमृत मुकेशकडे. चंद्रिका अर्थातच नवऱ्याकडे. पुष्पा एकटी. चिमण नेहमीप्रमाणे कुठेच नाही. आणि रोशनी ओटीवर काकडी चिरत बसलेली, वसतिगृहातून कालच आलेली, आल्यापासून तोंडातून शब्द न काढलेली.

पळसाच्या पानांवर भात वाढला गेला. पांढरा, वाफाळता, नव्या तांदळाच्या वासाचा. बाजूला उडदाची डाळ, काकडीच्या फोडी. कणसरीच्या टोपलीसमोर अमृत बसला, घास त्यानेच दाखवायचा होता. गंगीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "बोला. कुणाच्या पोटात काय हाय?"

पुष्पाने सांगायला सुरुवात केली. फलक, खोक, खालचं वाक्य, ती प्रसादवाली बाई, सगळं. सांगताना ती मुकेशकडे बघत नव्हती, भाताकडे बघत होती. शेवटी मात्र मान वर केली.

"भाऊजी, माझी पोर कधी उपाशी झोपली? एक रात्र सांगा."

मुकेशला हे असं येईल असं वाटलं नव्हतं. त्याने आधी हसून घेतलं, मग समजावायला लागला. फलकावरची मुलगी म्हणजे रोशनी नव्हे, ती सगळ्या उपाशी पोरांच्या वतीने तिथं आहे, नाव कुठे लिहिलंय का, असं तो म्हणाला. त्या एका चित्राने किती अंगणवाड्यांत पोषण आहार गेला, किती पोरं वजनाला आली. हे खोटं नव्हतं, खरंच तसं झालं होतं, आणि म्हणून तर तो इतक्या ठामपणे बोलत होता.

मग चिमण बोलला. बैल तिथे नव्हते म्हणून असेल. खरी उपाशी पोर मिळाली नाय काय तुला, एवढंच त्याने खालच्या आवाजात विचारलं.

मुकेशचा चेहरा पडला. मिळाली होती, असं त्याने सांगितलं. साहेबांनी, नविन सरांनी, कुपोषित मुलाचा फोटो आणायला पाठवलं होतं. डोंगरातल्या एका घरात तो कॅमेरा घेऊन गेला. पोर खाटेवर पडलेलं होतं. त्याने कॅमेरा वर केला आणि त्या पोराच्या आईने आपला पदर पोराच्या तोंडावर ओढला.  मुकेश तसाच परत आला. तिच्या अब्रूवर पाय देववला नाही. मग ऑफिसात बसून त्याने स्वतःचेच जुने फोटो चाळले आणि त्यात रोशनी सापडली. सर म्हणाले होते, रंगीत भूक कुणाला दिसत नाही, म्हणून रंग काढला. थोडं कापलं.

"परक्याच्या पोराला हात लावायची लाज वाटली," तो म्हणाला. "ही आपली. घरच्या पोरीचं घरच्या माणसाला काय विचारायचं?"

हे तो मनापासून बोलला, आणि बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते पटलंही. आमच्याकडे असंच असतं. परक्याच्या शेतातलं एक कणीस घेतलं तर चोरी, भावाच्या शेतातलं भारा भरून नेलं तरी घरचंच. अमृतने तेवढ्यात टाकीचं काढलं. रविवारी पोरीने नुसतं जाऊन उभं राहायचं, कुणी तिला खायला उठणार नाही, आणि पाड्याचं पाणी मिटेल. मुकेश पडत्या आवाजात म्हणाला की तिने साधे कपडे घालावेत, जुने, असं सरांचं म्हणणं आहे.

रोशनीने हातात तशीच राहिलेली काकडीची सुरी पानाशेजारी ठेवली.

चौदा वर्षांची पोर, काटकुळी, पण पाड्यावर तिच्याइतकं कुणी धावत नसे. वसतिगृहातल्या मुलींनी तो फलक तिच्या आईच्या आधी बघितला होता. जेवताना कुणीतरी आपल्या पानातली अर्धी भाकरी तिच्या पानात टाके, घे, नायतर उपाशी झोपशील म्हणून. त्याचं तिला फार काही नव्हतं, तिने एकीला तिच्या भाकरीसकट ढकलूनही दिलं होतं. पण वसतिगृहातल्या एका बाईंनी तिला बाजूला बोलावून केळं दिलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. ते केळं ती अजून विसरली नव्हती.

"काका, मला विचारलं असतं तर मी नाय म्हटलं असतं," ती म्हणाली. "तुम्हांला ते ठाऊक होतं. म्हणूनच नाय विचारलं ना?"

 मुकेशला एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डिझाइनच्या कोर्समध्ये शिकवलं होतं अक्षर कुठे ठेवायचं, नजर कुठून कुठे न्यायची, कुठे कापलं की बघणाऱ्याच्या पोटात कळ येते. कापायच्या आधी कुणाला विचारायचं, हे शिकवलंच नव्हतं, आणि त्यानेही ते कधी शिकून घेतलं नव्हतं.

अमृत म्हणाला, लहान तोंडी मोठं बोलू नको. आणि तिथं तानी मध्ये पडली. तानी, जिच्या कमरेसाठी हे सगळं चाललं होतं, जी नवऱ्यापुढे कधी बोलली नव्हती. तिने हाताने अमृतला थांबवलं.

"माझ्या डोक्यावरचा हंडा पोरीच्या तोंडावर ठेवू नका. मी आणीन पाणी. आणतेच हाय."

अमृतला हे झोंबलं. ज्या माणसासाठी आपण भांडतोय तेच माणूस उलटलं की कसं होतं, तसा तो कणसरीच्या टोपलीकडे बघत बसला. पानावरचा भात निवत चालला होता. कुणी शिवलं नाही.

इतका वेळ चंद्रिका गप्प होती. ती आशागडला अंगणवाडी चालवते, दर महिन्याला पोरं काट्यावर घालते, उपाशी पोर कसं दिसतं हे तिला कुणी सांगायला नको. फलक बघताना तिच्या मनात एक काहीतरी टोचलं होतं, पण नवऱ्याच्या कौतुकात तिने ते मागे सारलं होतं. आता समोर पळसाचं पान, भात, काकडी, आणि घास न घेता बसलेली रोशनी, हे सगळं एका जागी बघून तिला एकदम आठवलं.

"हा फोटो नव्याचा आहे," ती मुकेशला म्हणाली. "या घरातला. त्या दिवशी मी बसले होते हिच्या शेजारी. हिला धीर धरवत नव्हता, पानाला हात घालायला निघाली, आणि मी हिचं मनगट धरलं. म्हटलं थांब बाय, अजून कणसरीचं झालं नाय. तेव्हा हिने असं वर बघितलं. माझा हात कुठे गेला?"

मुकेशने समोरच्या पळसाच्या पानाची कड दुमडली.

"तिच्यापुढचं पान कुठे गेलं?"

 एवढे दिवस पुष्पा मनाशी घोकत होती की पोरीला मी कधी उपाशी ठेवलंय, कुठली रात्र चुकली माझी. आणि पोर भरल्या पानावर बसलेली होती. ती रडायला लागली, रागाने. चंद्रिका उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. पाण्याचा तांब्या तिनेच पुन्हा पुढे केला, आणि या वेळी पुष्पाने घेतला.

रोशनी म्हणाली, तो फोटो सगळा दाखवा. कापलेला नाही, सगळा.

लॅपटॉप पिशवीतच होता, रविवारची कामं बाकी म्हणून मुकेशने बरोबर आणला होता. ओटीवर, कुडाच्या भिंतीला टेकवून त्याने तो उघडला. आधी फलकावरचं चित्र आलं. घरातल्या घरात, हाताच्या अंतरावर, ते आणखीनच वाईट दिसत होतं. मग त्याने जुना फोटो शोधला. सवयीने त्याने तो फलकाच्याच मापात ठेवला होता, नुसता चेहरा. बघणाऱ्यांना आधी रंग परत आला एवढंच कळलं, रोशनीच्या फ्रॉकचा पिवळा, केसांतल्या फितीचा लाल. मग त्याने चौकटीची खालची कड धरून खाली ओढली.

पान आलं. पानावर भाताचा डोंगर, कडेला काकडी. मग डावीकडे चंद्रिकेचा हात आला, हिरव्या बांगड्यांचा, रोशनीचं मनगट धरलेला. पुष्पा हुंदका देता देता हसली, कारण फोटोतल्या पोरीच्या ओठाला आधीच एक शीत चिकटलेलं दिसत होतं. म्हणजे चोरून खाल्लं होतंच.

मग मुकेशने उजवी कड ओढली, जिथे फलकावर नुसता काळोख होता.

तिथे हाल्या बसला होता.

पांढरी बंडी, डोळे मिटलेले, हातातला घास कणसरीच्या टोपलीकडे नेलेला. ओठ जरासे उघडे, काहीतरी पुटपुटताना. त्याच वर्षी थंडीत तो गेला होता.

 गंगी भिंतीला धरून उठली, पुढे आली आणि लॅपटॉपसमोर बसली. पदराने तिने पडद्यावरची धूळ पुसली. हाल्याचा धड फोटो या घरात नव्हता. दिवस घातले तेव्हा आधारकार्डावरचा टिकलीएवढा चेहरा मोठा करून मुकेशनेच फलक बनवला होता. मोठा करताना चेहरा फुटला, मग त्याने तो घासूनपुसून गुळगुळीत केला, आणि शेवटी भिंतीवर जो लागला तो कुणी दुसराच म्हातारा होता. गंगी त्याला हार घाली, पण त्याच्याशी बोलत नसे.

"हा इथं होता," ती म्हणाली. "तू याला कापलंस."

"दिवस घातले तेव्हाही हा फोटो मला आठवला नाय, आये." मुकेश म्हणाला. "फलकासाठी शोधला तेव्हा पोरीचे डोळेच बघितले, एकदा कापलं, मग तेवढंच बघत राहिलो. बाकीचं काय होतं ते परत उघडून बघितलंच नाय."

तो रडला. मोठा माणूस, सगळ्यांसमोर, पानावर बसल्या बसल्या. चिमणने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुणी त्याला गप्प राहा म्हणालं नाही.

गंगी पडद्याकडे बघतच बोलत राहिली. तिच्या लहानपणी सावकाराच्या दिवसांत ती आईबरोबर कडूकांद खणायला जाई. ते कांद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागत, तेव्हा कुठे विष उतरे, आणि पोरं ओहळाच्या काठीच झोपत. भूक काय असते ते ती जन्मात विसरणार नव्हती, आणि आजही डोंगरात ती आहे हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिला राग आला होता.

"उपाशी पोराचे डोळे असे नसतात," ती म्हणाली. "ही वाट बघतेय. उपाशी पोर वाट बघत नाय. त्याला म्हायती असतं, काय यायचं नाय. तुम्ही लोकांना भूक दाखवली नाय मुकेश, माझ्या घरातला नव्याचा दिवस भूक म्हणून दाखवला."

 अमृतने, अजून बापाच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत, विचारलं की मग टाकीचं काय.

"टाकी मागू," गंगी म्हणाली. "सगळा पाडा घेऊन तालुक्याला बसू, मिळेपर्यंत बसू. मोर्चा कसा नेतात ते तुला मी शिकवू काय? पण पोर पुढं करून भीक नाय मागायची."

अमृतने मान डोलावली. त्याचा बाप मोर्चात गेला होता, तोही गेला होता, त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. मग तो तानीकडे वळला आणि म्हणाला की पुढच्या सोमवारीच जाऊ, तू फक्त घरी बस. तानी म्हणाली, मी का घरी बसू, कंबर माझी गेलीय.

मुकेशने तो अख्खा फोटो फोनमध्ये घेतला आणि उठला. पाड्यावर फोन लागतो तो अंगणाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली. सगळे पानावरून उठून तिथवर गेले, कुणी त्याला एकटं सोडणार नव्हतं, आणि खरं तर त्यालाही ते हवं होतं. त्याने अख्खा फोटो नविन सरांना पाठवला आणि मग फोन लावला. आवाज मोठा ठेवला.

सरांनी फोटोचं कौतुक केलं. रंग सुंदर, म्हातारा सुंदर. पण यात मुलीसमोर पान भरलेलं आहे, हे बघून कोण कशाला देणगी देईल, असं त्यांनी जरा हसत विचारलं.

"म्हणूनच पाठवला, सर," मुकेश म्हणाला. "ती उपाशी नव्हती. विवळवेढ्याचा फलक मी आज उतरवतोय. रविवारी ती येणार नाही."

 सर समजुतीने बोलले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी पोषण आहाराची आठवण दिली, पोरांची आठवण दिली, आणि नीट विचार कर म्हणाले. नाहीतर सोमवारी भेटून तुझ्या पुढच्या कामाचं काय ते बोलू, हेही म्हणाले, आणि त्याचा अर्थ मोहाखाली उभ्या असलेल्या सगळ्यांना कळला. चंद्रिकेने नवऱ्याच्या दंडाला हात लावला. मुकेशला वाटलं ती मागे ओढतेय. तिने नुसता हात ठेवला होता.

"विचार आधी करायचा होता, सर," तो म्हणाला. "त्या पोरांसाठी मी काम करीन. खोटं न दाखवता जमतं का ते बघू. नाय जमलं तर सोमवारी तुम्ही सांगा."

दुसरा फोन त्याने लाहूला लावला, फलक चढवणाऱ्याला. लाहूने विचारलं उतरवतो, पण त्या जागी काय लावू. काहीच नको, असं मुकेशने सांगितलं. लाहूने मग सवयीने विचारलं की उतरवलेलं फ्लेक्स कुणाला द्यायचं का, एक जण पेंढ्यावर घालायला मागतोय. आमच्या भागात असं फ्लेक्स वाया जात नाही. कुणाच्या गोठ्यावर कुणाच्या वाढदिवसाचे शुभेच्छुक पडलेले असतात, कुणाच्या छपरावर कुठला तरी उमेदवार हात जोडून उताणा.

पुष्पाने फोन मुकेशच्या हातून घेतला. दिराच्या हातून ती कधी साधी वस्तू घेत नसे.

"ते इथं आणून द्यायचं," तिने लाहूला सांगितलं. "कुणाच्या पेंढ्यावर नाय. मी माझ्या हाताने कापीन."

मग सगळे परत पानावर आले. भात गार झाला होता, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. अमृतने हात धुतले, कणसरीच्या टोपलीसमोर बसला आणि डोळे मिटले. बापाचा घास धरायचा हात त्याने आत्ताच बघितला होता. त्याच्याही नकळत तसाच त्याचा हात वर गेला. लॅपटॉप अजून भिंतीशी उघडा होता, गंगीने बंद करू दिला नव्हता.

अमृत पुटपुटत होता, सगळे वाट बघत होते. समोर भाताचे ढीग, कडेला काकडी. ओटीवरून आलेली उन्हं रोशनीच्या चेहऱ्यावर पडली होती, आणि ती वर बघत होती, अगदी तशीच. मुकेशचा हात फोनवर गेला. फोन त्याने अर्धा उचललाही. मग थांबला.

"रोशनी," त्याने हळूच विचारलं, "फोटो काढू?"

रोशनीने त्याच्याकडे बघितलं. अमृतचा घास टोपलीत पडला, आणि बाकीचे हात आपापल्या पानाकडे गेले.

"थांबा काका," ती म्हणाली. "आधी जेवू दे."

मुकेशने फोन पालथा करून मांडीखाली ठेवला आणि भात कालवायला घेतला.